नारळ उभा राहिला, बोअर कोरडी गेली

कसबा बावड्यात घर बांधायला काढले की बोअरचा विषय निघतो, आणि बोअरचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतोच, "आधी पाणाड्याला बोलवा." पाणाड्या येतो. उंबराची बेचकी दोन्ही मुठींत धरून जागेवर फिरतो, नाहीतर तळहातावर नारळ आडवा ठेवतो. एका ठिकाणी काठी झुकते, नारळ उभा राहतो. "इथं मारा, दोन इंची पाणी आहे." भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असलेल्या आपल्या काही घरांतही हे चालते, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

बावड्यात पाणी लागतेही. का लागणार नाही? पंचगंगा उशालाच आहे. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत डोळे झाकून खणले तरी ओल लागते. ते यश नदीचे, काठीचे नव्हे. (या नदीची गंमत बघा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती डोळ्यांना दिसतात. पाचवी सरस्वती म्हणे गुप्त आहे. ती अजून कोणाच्या बादलीत आलेली नाही.)

खरी परीक्षा उंच माळावर होते. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी नद्यांसारखे वाहत नसते. मुरमात आणि दगडाच्या भेगांत ते साठते. एकसंध पाषाण लागला की नुसती धूळ उडते. गाडीवाला पैसे फुटावर घेतो, पाणी लागो न लागो. सोसायटीचे कर्ज काढून बोअर मारणाऱ्या कामगाराच्या पगारातून मग कोरड्या भोकाचे हप्ते जात राहतात. पाणाड्याला मात्र कोणी जाब विचारत नाही. लागले तर त्याचा हातगुण, नाही लागले तर आपले नशीब!

काठी हलते, हे खोटे नाही. पाणाड्या दरवेळी लबाडच असतो असेही नाही. ताणून धरलेल्या फांदीला मनगटाची बारीकशी हालचालही पुरते आणि ती धरणाऱ्याला कळतही नाही. इंग्रज शास्त्रज्ञ कार्पेंटर यांनी १८५२ सालीच हे सांगितले. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ साली निवडक ४३ पाणाड्यांची परीक्षा झाली. कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा नळ सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून त्याची जागा ओळखायची, अशा ८४३ फेऱ्या झाल्या. परीक्षा घेणाऱ्यांनी काहींना शाबासकी दिली, पण एनराइट या शास्त्रज्ञाने तेच आकडे तपासले तेव्हा अंदाजाने सांगितल्यापेक्षा वेगळे काही निघाले नाही.

हाच खेळ इराकमध्ये जिवावर बेतला. मुठीवर फिरती अँटेना लावलेले पोकळ यंत्र 'बॉम्बशोधक' म्हणून विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ साली ब्रिटनच्या न्यायालयाने १० वर्षांची शिक्षा दिली. पोलीस ते यंत्र धरून चौक्यांवर उभे राहत होते.

शहरात आता याचा नवा अवतार आला आहे. तांब्याच्या सळ्या घेऊन माणूस येतो आणि सांगतो, "तुमच्या स्वयंपाकघराखाली वाईट भू-ऊर्जा आहे." ती दिसत नाही, मोजता येत नाही, पण उपायाची किंमत मात्र ठरलेली असते. न दिसणाऱ्या, न मोजता येणाऱ्या गोष्टीने माणसाचे काय करता येते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? १९२७ साली बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा सनातन्यांनी शेणमूत, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. तो विटाळही कोणाला दिसला नव्हता.

दीघ निकायातील ब्रह्मजाल सुत्तात हीन विद्यांची यादी आहे. काही श्रमण-ब्राह्मण त्यांवर पोट भरतात, तथागत त्यांपासून दूर राहतात. तीत जागेचे शुभाशुभ सांगणारी 'वत्थुविज्जा' नावानिशी आहे.

पाणाड्या बोलवायचाच असा घरच्या म्हाताऱ्यांचा हट्ट असेल, तर एवढे करा. त्याने दाखवलेल्या जागी मातीत खिळा पुरून ठेवा. मग डोळ्यांवर पट्टी बांधून, चार गिरक्या देऊन त्याला तीच जागा पुन्हा शोधायला सांगा. त्याआधी शेजारच्या दहा घरांत विचारा, पाणी किती फुटांवर लागले आणि मे महिन्यात किती उरते. शासनाची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे. तिथले भूवैज्ञानिक जमिनीत वीज सोडून खडकाचा रोध मोजतात. त्यांचाही अंदाज कधी चुकतो. पण का चुकला, ते त्यांना सांगता येते.