समीकरणाचा ताळा

आम्ही इतिहासाचे शिक्षक. स्मरणिकेसाठी आमच्याकडे लेख मागितला गेला, तेव्हा महाडच्या सत्याग्रहावर किंवा लेण्यांवर आम्ही काही लिहू, अशीच संपादक मंडळाची अपेक्षा असणार. तरीही आम्ही आठवीच्या गणितातील एकचल समीकरणांविषयी लिहीत आहोत. गणिताच्या शिक्षकाची जागा रिक्त असताना काही वर्षे तो तास आमच्याकडे होता, हे त्या तुकड्यांतील माजी विद्यार्थ्यांना स्मरत असेल. त्या काळात आमच्या हातून झालेली एक चूक दुरुस्त करण्याची ही संधी आम्ही घेत आहोत.

चूक अशी. ३क्ष + ५ = २० हे समीकरण आम्ही फळ्यावर लिहिले आणि आमच्या लहानपणी पाठ करून घेतलेला नियम जसाच्या तसा सांगितला : संख्या बरोबरच्या चिन्हापलीकडे नेली की तिचे चिन्ह बदलते. एका विद्यार्थ्याने वहीत क्ष = २० − ५ − ३ = १२ असे लिहून आणले. आम्ही तांबड्या शाईने फुली मारली. त्याने विचारले, ‘‘सर, ५ पलीकडे गेला आणि वजा झाला, मग ३ वजा का नाही?’’ आमच्याजवळ उत्तर नव्हते. ‘नियमच तसा आहे,’ असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. कारण न सांगता नियम पाळायला लावणे म्हणजे काय, हे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगले, त्याच समाजातील मुलापुढे आम्ही हे वाक्य उच्चारले, याची टोचणी पुढे बरेच दिवस राहिली.

वस्तुतः कोणतीही संख्या पलीकडे जात नाही. समीकरण म्हणजे समतोल असलेली तागडी. एका पारड्यातून जेवढे काढाल तेवढेच दुसऱ्यातूनही काढा, म्हणजे दांडी सरळ राहील. ३क्ष + ५ मधून ५ काढले, म्हणून २० मधूनही ५ काढले; उरले ३क्ष = १५. पाच ‘पलीकडे’ गेल्याचा केवळ भास होतो. आता ३ चे काय? तो ५ प्रमाणे शेजारी उभा नाही, तो क्ष ला गुणून आहे. तीन सारख्या पुड्यांचे वजन १५ असेल, तर त्यातून ३ वजा केल्याने एक पुडी हाती येत नाही. १५ चे तीन समान वाटेच करावे लागतात. क्ष = ५. बेरीज वजाबाकीने सुटते, गुणाकार भागाकाराने सुटतो. त्या मुलाला हवे असलेले उत्तर एवढेच होते.

मग आधी ५ का, ३ का नाही? वसतिगृहातील प्रत्येकाला आपली पत्र्याची पेटी आठवत असेल. कपडे ठेवले, झाकण लावले, वर कुलूप घातले. काढताना आधी कुलूप, मग झाकण. क्ष ला आधी ३ ने गुणले आणि नंतर ५ मिळवले, म्हणून सोडवताना ५ आधी सुटतो. असे उलट्या क्रमाने मागे जाण्याची रीत भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’तही आहे, मात्र ती संस्कृतात होती आणि त्या पेटीची किल्ली आपल्या पूर्वजांच्या हाती कोणी दिली नव्हती. कोणी प्रथमच ३ ने भागले तर ते अशुद्ध नाही, हेही सांगितले पाहिजे. फक्त त्यासाठी ५ लाही ३ ने भागावे लागते आणि अपूर्णांकांची कटकट मागे लागते.

शेवटी ताळा घ्यावा. क्ष च्या जागी ५ ठेवले की १५ + ५ = २०. त्या मुलाचे १२ ठेवले असते, तर ३६ + ५ = ४१ आले असते आणि चूक त्याची त्यालाच दिसली असती. ताळा घेणाऱ्या मुलाला शिक्षकाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. आमच्या मते सबंध प्रकरणात हाच भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि परीक्षेच्या घाईत नेमका हाच गाळला जातो.

शाब्दिक उदाहरणे आली की मुले घाबरतात. इतिहास पाहिला तर बीजगणित मुळात शाब्दिकच होते. नवव्या शतकात बगदादला अल्-ख्वारिझ्मी याने ज्या ग्रंथात हा विषय मांडला, त्यात क्ष नाही, बेरजेचे चिन्ह नाही; सारे शब्दांत. वारसांच्या वाटण्या, व्यापार, जमिनीची मोजणी यांत लोकांना उपयोग व्हावा, हा त्याचा हेतू होता. आजचे बरोबरचे चिन्ह पुष्कळ नंतरचे. १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड याने दोन समांतर, सारख्या लांबीच्या रेघा निवडल्या; याहून समान अशा दोन वस्तू असू शकत नाहीत, हे त्याचे कारण.

तेव्हा खरे काम वाक्य नीट वाचण्याचे आहे. ‘एका संख्येच्या दुपटीत ६ मिळवल्यास ३० होतात’ आणि ‘एका संख्येत ६ मिळवून येणाऱ्या बेरजेची दुप्पट ३० होते’ ही वाक्ये कानाला सारखी वाटतात. पहिले २क्ष + ६ = ३०, उकल १२. दुसरे २(क्ष + ६) = ३०, उकल ९. घाईने वाचणारा येथेच फसतो. क्ष म्हणजे काय मानले, हे पहिल्या ओळीत मराठीत लिहिल्याशिवाय समीकरण मांडू द्यायचे नाही, हा दंडक आम्ही पुढे कसोशीने पाळला.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात मोडी व बालबोध लेखन-वाचनाबरोबर हिशेबही मागितला होता. त्याचा अर्थ आम्हाला एका ऊसतोड कुटुंबामुळे कळला. (आकडे सोपे पडावेत म्हणून आम्ही बदलले आहेत.) मुलाच्या आईवडिलांनी एका कोयत्यामागे ६०,००० रुपये उचल घेतली होती. तोडणीचा दर टनाला ३०० रुपये. हंगाम संपल्यावर मुकादम म्हणाला, अजून ६,००० फिटायचे आहेत. मुलाने वहीत लिहिले : क्ष म्हणजे मुकादमाने धरलेले टन. ३००क्ष + ६,००० = ६०,०००. म्हणून ३००क्ष = ५४,००० आणि क्ष = १८०. वडिलांनी पिशवीतून आणलेल्या वजनाच्या पावत्यांची बेरीज मात्र १९४ टन भरली. १९४ टनांचे ५८,२०० होतात. म्हणजे देणे १,८०० चेच. चौदा टन ऊस तोडला गेला होता, पण हिशेबात आला नव्हता.

तो कागद घेऊन वडील गेले. मुकादमाने नऊ टन मान्य केले. उरलेल्या पाच टनांच्या पावत्यांवरील आकडे भिजून पुसट झाले होते, त्या त्याने धरल्या नाहीत. दिवाळीनंतर पुन्हा कारखान्याकडे निघताना वडील वसतिगृहात आले आणि पावत्या ठेवण्यासाठी मुलाची जुनी कंपासपेटी मागून घेऊन गेले.