हेल्मेट आधी, मशीन नंतर!

आठवडाभर कीबोर्ड बडवल्यावर वीकेण्डला हाताने काहीतरी ठोस बनवायची खुमखुमी येतेच. कुंड्यांचं लोखंडी स्टॅण्ड स्वत:च वेल्ड करायचंय? मग बजेटचं गणित उलटं मांडा. पहिले पैसे डोळ्यांसाठी!

वेल्डिंगच्या आर्कमधून निघणारे अतिनील किरण डोळ्यांचा पृष्ठभाग भाजतात. गंमत म्हणजे तेव्हा काहीच जाणवत नाही. काही तासांनी, ऐन झोपेत, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. साधा गॉगल इथे कुचकामी! शेड १० किंवा ११पर्यंत काळं होणारं ऑटो-डार्कनिंग हेल्मेट घ्या. चामड्याचे हातमोजे, बंद बूट, जाड सुती कपडेही मस्ट. नायलॉन नकोच, ठिणगीने वितळून अंगाला चिकटतं.

मशीनचा फंडा सोपा आहे. सिंगल फेजवर चालणारं छोटं इन्व्हर्टर आर्क मशीन नवशिक्यांना पुरतं. मिगची हौस नंतर. २.५ मिमीचे ६०१३ रॉड आणा, करंट ७०-८० अँपिअरवर ठेवा आणि ३ मिमी जाडीच्या भंगार पट्टीवर सरळ रेघा ओढत बसा. त्याआधी घरातलं वायरिंग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

जागा? मोकळी गच्ची बेस्ट, सोसायटीची परवानगी घेऊन! जीआय पाइप टाळा, त्यावरच्या जस्ताच्या धुराने ताप भरतो. आणि कौतुकाने बघायला आलेल्या मित्रांना आर्कपासून लांब ठेवा.

पहिलं स्टॅण्ड जरा डुगडुगेल. डुगडुगू दे. ते बघायला डोळे मात्र धड हवेत!