अकोल्यात जुने घर घेऊन भाड्याने द्यायचे आहे? आधी हिशेब मांडा

तूर निघाली, कापूस विकला की बार्शीटाकळीच्या चहाच्या टपऱ्यांवर एक विषय हमखास निघतो. “अकोल्यात एखादं जुनं घर घेऊन टाकू, थोडं ठीकठाक करू अन् भाड्यानं देऊन देऊ. महिन्याच्या महिन्याला पैसा. ना पावसाची वाट, ना भावाची.” भूसंपादनाचा मोबदला हाती आलेला असला तर हा विचार जास्तच जोर धरतो. आमच्यासारख्या कृषी खात्याच्या माणसालाही लोक आता फवारणीसोबत प्लॉटचा सल्ला विचारतात.

विचार चुकीचा नाही. पण पेरणीआधी शंभर दाणे मोजून उगवण तपासणारा शेतकरी पंचवीस-तीस लाखांचे घर मात्र एका दुपारी पाहून इसार देऊन मोकळा होतो. दलाल सांगतो, “भाऊ, उद्या दुसरं गिऱ्हाईक येऊन राहिलं.” गिऱ्हाईक खरेच असते, कारण शहरात व्यापारी, नोकरदार, डॉक्टर असे सगळेच घर शोधत असतात. त्यांच्याकडे वकील असतो, बँक असते. आपल्याकडे घाई असते.

आधी पाहू, भाडेकरू कोण. अकोल्यात वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाच्या शिकवणीसाठी बुलडाणा, वाशीम, हिंगोलीकडची मुले येऊन राहतात. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून येथेच आहे. वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यामुळे रणपिसे नगर, तोष्णीवाल ले-आउट, जठारपेठ, गोरक्षण रोड या भागांत खोल्यांना मागणी असते. पण मागणी असलेल्या भागात घराची किंमतही चढलेली असते. २०१६ मध्ये महापालिकेची हद्द वाढून मलकापूर, खडकी, उमरी अशी गावे शहरात आली. तिकडे घर स्वस्त मिळेल, पण शिकवणीला जाणाऱ्या मुलाला ते दूर पडते.

आणि खुद्द बार्शीटाकळीत? तहसील, पंचायत समिती, बँका, शाळा सगळे आहे, तरी भाड्याला जोर नाही. अकोला वीसेक किलोमीटरवर, त्यामुळे कर्मचारी अप-डाऊन करतात. (मुख्यालयी राहण्याच्या ठरावाबद्दल येथे जास्त बोलायला नको. वाचकांत ग्रामसेवक मंडळीही आहेत.)

आता आकडे. हे आकडे समजण्यापुरते धरले आहेत, तुमचे तुम्ही टाकून पाहा. तीस लाखांचे बांधलेले घर घेतले. मुद्रांक आणि नोंदणी मिळून खर्च सुमारे ३२ लाख. भाडे महिना ९ हजार. वर्षातून एक महिना घर रिकामे राहतेच, म्हणजे हाती ९९ हजार. त्यातून मालमत्ता कर, रंग, मोटर, नळदुरुस्ती असे १९ हजार वजा केले की उरले ८० हजार. ३२ लाखांवर अडीच टक्के! तीच रक्कम बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवली तर २ लाख ८ हजार मिळतात. घराची किंमत वाढेल ही आशा धरायला हरकत नाही, पण त्या आशेवर मुलीची फी भरता येत नाही.

जुने घर घेऊन दुरुस्त केले तर हिशेब जरा सुधारतो. घर १८ लाखांचे, नोंदणीचा खर्च सव्वा लाख, दुरुस्ती ५ लाख. चार खोल्या, प्रत्येकी साडेतीन हजार. मुले परीक्षा झाली की गावी जातात, म्हणून दहाच महिने धरा. १ लाख ४० हजार. खर्च ३५ हजार वजा जाता १ लाख ५ हजार, म्हणजे सव्वाचार टक्क्यांच्या वर. दुरुस्ती पाचाऐवजी आठ लाखांवर गेली की हेच चार टक्क्यांच्या खाली येते. जुन्या घराची दुरुस्ती ठरल्या पैशात आटोपली असे क्वचितच ऐकायला मिळते. कर्ज काढून घेणार असाल तर नऊ टक्क्यांनी २० लाखांचे व्याजच पहिल्या वर्षी १ लाख ८० हजारांच्या घरात जाते. ते कोणत्याच भाड्यातून निघत नाही. पीककर्ज तर या कामाला लावूच नये. आणखी एक, भाडे ही शेतीची मिळकत नव्हे. त्यावर आयकराचा नियम लागतो. महापालिकेचा भरलेला कर वजा करून राहिलेल्या भाड्याच्या ३० टक्के सूट मिळते, बाकी रक्कम उत्पन्नात धरली जाते.

घर पाहायला जाल तेव्हा तुमची शेतीची नजर सोबत न्या. ती इंजिनिअरपेक्षा कमी नाही. आपल्या वऱ्हाडाची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तीच माती घराच्या पायाखाली आहे. म्हणून घर दोनदा पाहावे, एकदा भर उन्हाळ्यात आणि एकदा श्रावणात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला बारीक अशी भेग दिसली तर पाया हलतो आहे असे समजा. गिलाव्यातली केसासारखी बारीक भेग वेगळी, तिला भिण्याचे कारण नाही. भिंतीला लागून कडुनिंब किंवा पिंपळ असेल तर तो उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढतो. छपराचे पाणी भिंतीच्या बुडाशी मुरत असेल तर आधी फरसबंदी करून ते लांब काढावे, मगच भेगा भराव्यात. उलटे केले तर भेग पुढच्या वर्षी पुन्हा हजर. विकायच्या तोंडावर केलेला नवा रंग दिसला की बोटाने वाजवून पाहा.

शहराच्या उत्तरेला, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्टा सुरू होतो. तिथल्या घरांच्या भिंतींना खालून क्षार चढतात, विटांचा भुगा पडतो आणि कितीही रंग दिला तरी लोणा वर येतो. बोअरचे पाणी तोंडात घेऊन पाहा, लगेच कळते.

जुने कवेलूचे किंवा माडीचे घर असेल तर छपराचे लाकूड नीट पाहा. नाट्या, पाट्या सागाच्या आणि निरोगी असतील तर त्यांना आज चांगली किंमत आहे. सौद्यात ती मोजावी. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा, पोकळ लागले तर उधईने खाल्ले. उधईचा बंदोबस्त भिंत आणि फरशीच्या सांध्याला भोके पाडून औषध सोडून करता येतो, पण तो जाणकाराकडून करवून घ्यावा. कपाशीचा पंप घेऊन घरात फवारू नये.

पाणी तर विचारलेच पाहिजे. अकोल्याला पाणी जाते ते आपल्या तालुक्यातल्या महानच्या काटेपूर्णा धरणातून. तरी शहरात नळ रोज येत नाही. टाकी किती लिटरची, बोअर चालतो का, हे भाडेकरू पहिल्याच दिवशी विचारतो.

कागदांकडे वळू. खरे पैसे बुडतात ते येथे. अकोल्यासारख्या जुन्या शहरात अनेक भूखंड नझूलचे आहेत. जागा सरकारची, घरमालकाकडे फक्त पट्टा. पट्ट्याची मुदत संपली आहे का, नूतनीकरण झाले का, विकायला परवानगी घेतली का, हे आखीव पत्रिकेवरून आणि भूमी अभिलेख कार्यालयातून कळते. नागपूर आणि अमरावती विभागांतील निवासी नझूल जागा मालकी हक्काने करून देण्यासाठी सरकारने २०२४ मध्ये विशेष अभय योजना आणली. तिची मुदत आणि दर जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्यावेत आणि तो खर्च कोण भरणार हे सौद्यातच लिहून घ्यावे.

जुना वाडा असेल तर वारस मोजा. लग्न होऊन गेलेल्या बहिणींचाही हक्क असतो. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये देशभरासाठी आणि महाराष्ट्रात त्याआधी १९९४ मध्ये तशी दुरुस्ती झाली. एका भावाची सही घेऊन घेतलेले घर पुढे कोर्टाची पायरी दाखवते. नुसत्या मुखत्यारपत्रावर व्यवहार करू नका. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यावा, पेपरात जाहीर नोटीस द्यावी, मगच मोठी रक्कम मोजावी. खरेदी घरातल्या बाईच्या नावे केली तर राहत्या घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून मिळते.

घरात आधीच कोणी बसलेला असेल तर “तो निघून जाईल” या शब्दावर जाऊ नका. १९४९ च्या भाडेनियंत्रण आदेशाच्या काळापासून बसलेली कुटुंबे आजही किरकोळ भाड्यात राहतात. घर विकले गेले म्हणून त्यांचे संरक्षण जात नाही.

तुम्ही नवा भाडेकरू ठेवाल तेव्हा शंभराच्या स्टॅम्पवर अकरा महिन्यांची नोटरी पुरते असा समज सोडा. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. नोंदणी फी शहरात १ हजार आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. मुद्रांकही थोडाच लागतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. शहरात घर घेण्यासाठी सगळी शेती विकू नका. विदर्भाला लागू असलेल्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, त्याला परवानगी लागते. सातबारावरून नाव गेले की पोराला उद्या दोन एकर घ्यायचे म्हटले तरी पुरावे शोधत फिरावे लागते. दोन भावांच्या खात्यात तर एकाने विकले की दुसऱ्याच्या वावराची वाटही अडते. विकायचेच असेल तर एखादा तुकडा तरी नावावर ठेवा आणि जुन्या सातबाराच्या नकला जपून ठेवा.

ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींना एक विनंती आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नाव लागले म्हणजे मालकी झाली असे गावोगाव समजले जाते. ती कर आकारणीची नोंद आहे. २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी होऊन सनद मिळते. ज्या गावात ती वाटली गेली नाही तिथे ग्रामसभेत विषय घ्यावा. घर विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोघांच्याही ती कामाची आहे. सनदेतले क्षेत्र चुकले असेल तर हरकत भूमी अभिलेखाच्या उपअधीक्षकांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.