तळपायाची आग आणि लाल इंजेक्शन

पायाच्या दुखण्याला मराठीत जितके शब्द आहेत, तितके डॉक्टरांच्या केसपेपरवर मावत नाहीत. मुंग्या येतात, तळवे भगभगतात, चटके बसतात, सुया टोचतात, गादीवर चालल्यासारखं वाटतं, चप्पल पायातून कधी निसटली ते समजत नाही. केसपेपरवर या सगळ्यांचं मिळून एकच नाव होतं, न्यूरोपॅथी. आणि परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी, जिथे मंठ्याचा, जिंतूरचा आणि सेलूचा रस्ता एकत्र येतो आणि एस.टी.ची वाट पाहणारा माणूस चहा झाल्यावर औषधाच्या दुकानाकडे वळतो, तिथे या सगळ्यांवर औषधही एकच असतं : ‘बी’ जीवनसत्त्व. गोळीतून नाही तर सुईतून.

बँकेच्या नोकरीतली माझी काही वर्षं या भागात गेली. पीककर्जाच्या वसुलीला हिंडताना ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांचे तळवे काशाच्या वाटीने घासताना पुष्कळदा पाहिले आहेत. तूप लावून वाटी फिरवली की तळवा काळा पडे आणि ‘उष्णता निघाली’ असं घरातली बाई समाधानाने सांगे. तो काळेपणा वाटीच्या धातूचा, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. म्हाताऱ्याला झोप लागत होती हेही खरंच होतं. आता वाटी माळ्यावर गेली. मागे फाट्यावर भेटलेला एक जुना खातेदार म्हणाला, “साहेब, रातच्याला तळवे नुसते भगभग करायलेत बघा. तीन लाल इंजेक्शनं घेतली. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच.”

ते चार दिवस नेमकं कशाने बरं वाटलं, हे शोधण्यासारखं आहे.

आधी त्या लाल रंगाचं. बी-१२ या जीवनसत्त्वाच्या रेणूच्या मधोमध कोबाल्ट धातूचा एक अणू बसलेला असतो, त्यामुळे ते लाल दिसतं. १९४८ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढता आलं. पुढे डोरोथी हॉजकिन या विदुषीने क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची गुंतागुंतीची रचना उलगडली आणि अशाच कामासाठी १९६४ चं नोबेल मिळवलं. आमच्या लोकांनी मात्र लाल रंगाचा संबंध सरळ रक्ताशी जोडला आणि त्याला ‘ताकदीचं इंजेक्शन’ करून टाकलं.

पाय आणि ‘बी’ यांचं नातं त्याहून जुनं आहे. बेरीबेरीत पायांतली शक्ती जाते. ती पॉलिश केलेल्या तांदळाशी निगडित आहे, याचा धागा आयकमान या डच डॉक्टरला जावा बेटावर कोंबड्यांच्या खाण्यावरून सापडला. तो अभाव बी-१ चा. आपल्याकडे डॉ. सी. गोपालन यांनी १९४६ साली तळपायाच्या आगीवरच निबंध लिहिला होता. हेच गोपालन पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे संचालक झाले. म्हणजे मेडिकलवाल्याचा ठोकताळा अगदीच हवेतला नाही. अन्नात कमतरता असेल तर पाय बोलतात.

प्रश्न आहे तो ‘असेल तर’ या दोन शब्दांचा.

कमतरता किती जणांना आहे, याचा चांगला हिशेब पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडून ठेवला आहे. पुणे परिसरातल्या खेड्यांतल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त त्यांनी तपासलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ६७ टक्के पुरुषांचं बी-१२ कमी निघालं. खाऊनपिऊन सुखी अशा शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के. शाकाहाऱ्यांना धोका इतरांच्या सव्वाचार पटींहून अधिक. कारण उघड आहे : बी-१२ बनवतात ते सूक्ष्मजंतू, आणि आपल्यापर्यंत ते येतं दूध, अंडी, मासे, मटण यांतून. भाकरीत, वरणात, मेथीच्या भाजीत ते नाही. आमच्या भागात गोठ्यात म्हैस असते, पण दूध पहाटे डेअरीला जातं आणि घरात चहापुरतं उरतं. कागदावर दुग्धव्यवसायाला कर्ज दिलेलं घर आणि दूध पिणारं घर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या अभावाचं कपट असं की तो लगेच दिसत नाही. माणसाला दिवसाला लागतं दोन-अडीच मायक्रोग्रॅम. यकृतात साठा असतो दोन ते पाच मिलिग्रॅमचा. जुनी मुदतठेव मोडून खावी तशी ही शिल्लक वर्षानुवर्षं पुरते. ठेव संपल्याची सूचना देणारं पोस्टकार्ड येतं ते पायाच्या बोटांवर.

त्यात मधुमेहाची भर. मधुमेहावरचं सर्वांत चालणारं औषध मेटफॉर्मिन. ते उत्तम आहे, स्वस्त आहे, आणि दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ चं शोषण कमी करतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ साली हा त्याचा ‘नेहमी आढळणारा’ दुष्परिणाम असल्याचं जाहीर केलं. मी अकरा वर्षं ते घेतो आहे. गेल्या वर्षी बोटांना मुंग्या सुरू झाल्या, तेव्हा परभणीच्या डॉक्टरांनी अंगठ्यावर कंप पावणारा चिमटा टेकवला, नायलॉनचा जाड दोरा तळव्याला ठिकठिकाणी टोचला, डोळे मिटायला लावून “कुठे लागलं?” असं विचारलं आणि गोळी लिहिण्याआधी रक्त तपासायला पाठवलं. बी-१२ निघालं १४८. रोज हजार मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. एवढी मोठी मात्रा का, तर शोषणाचा नेहमीचा मार्ग अडला तरी गोळीतला साधारण शंभरावा भाग आपोआप झिरपतो, आणि तेवढा गरजेहून अधिक असतो. इंजेक्शनावाचून भागतं ते यामुळे. अभाव फार तीव्र असला तर मात्र सुई लागते. सहा महिन्यांत मुंग्या पुष्कळ उतरल्या. डाव्या तळव्याचा एक रुपयाएवढा भाग अजून बधिर आहे, आणि तो तसाच राहील असं डॉक्टर म्हणतात.

माझ्या खातेदाराचं तसं नव्हतं. त्याच्या आग्रहावरून दोघे डॉक्टरांकडे गेलो. बी-१२ चा आकडा हजाराच्या वर आला. तीन इंजेक्शनांनंतर दुसरं काय येणार? आधीचं कितीही कमी असतं तरी आता ते कळायला मार्ग नव्हता. साखरेची तीन महिन्यांची सरासरी मात्र अकरावर होती. आणि ‘चार दिवस बरं’ याचा उलगडा त्याच्या खिशातल्या रिकाम्या पट्टीने केला. इंजेक्शनाबरोबर दिलेल्या गोळीत मिथिलकोबालामिनसोबत प्रीगॅबॅलिन होतं. ते नसांच्या वेदना दाबतं, झोप आणतं, आणि म्हाताऱ्याला कधी भोवळही आणतं. काम केलं प्रीगॅबॅलिनने, श्रेय गेलं लाल रंगाला.

साखरेने नासलेल्या नसांवर ‘बी’ जीवनसत्त्वाचा सरसकट उपयोग होतो का, याचा जुना पुरावा कच्चाच आहे. २००८ साली कोक्रेन संस्थेने १३ प्रयोग एकत्र तपासले आणि निष्कर्षाला पुरेसा आधार नाही असं म्हटलं. उलट २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रीसमधल्या एका प्रयोगात, मेटफॉर्मिन घेणाऱ्या आणि बी-१२ कमी असलेल्या ९० रुग्णांपैकी ज्यांना वर्षभर ते दिलं, त्यांच्या नसांच्या चाचण्या सुधारल्या. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की मुद्दा उमगतो : ज्याची तूट आहे त्याची भरपाई होते. तूटच नाही, तिथे भरणा कसला करणार?

आणि भरणा नेहमी निरुपद्रवी नसतो. याच कुटुंबातलं बी-६ प्रमाणाबाहेर गेलं तर स्वतःच नसा बिघडवतं. ज्या मुंग्यांसाठी गोळी घ्यायची, त्याच मुंग्या गोळीने. १९८३ साली रोज दोन ते सहा ग्रॅम घेणाऱ्या सात रुग्णांची हकिकत अमेरिकेत प्रसिद्ध झाली, त्यांना धड चालता येत नव्हतं. त्यानंतर मर्यादा खाली खाली येत गेली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली प्रौढांसाठी ती दिवसाला १२ मिलिग्रॅम ठरवली. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा, बी-६ पुढचा आकडा पाहा, आणि तो मोठा असला तर किती दिवस घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्यांत तेच औषध असतं, हाही नेहमीचा अनुभव.

मला अधिक भीती वाटते ती आग थांबण्याची. आग होते तोवर नस जिवंत आहे. ती मेली की आग विझते, आणि माणूस म्हणतो गुण आला. मग बाभळीचा काटा तळव्यात मोडतो तो चौथ्या दिवशी, वास आल्यावर कळतो. फाट्याच्या आसपासच्या काळ्या रानात अनवाणी पाळी घालणारे मी पाहिले आहेत. अशा पायाची जखम चिघळली तर आधी बोट जातं, मग पाऊल. माझ्या खातेदाराच्या टाचेत डॉक्टरांना जुनी भेग सापडली, आत पू होता. त्याला ठाऊक नव्हतं.

आता त्याची सून रोज रात्री बॅटरी घेऊन त्याचे तळवे बघते. आंघोळीच्या पाण्यात तो आधी कोपर बुडवतो, मग पाय. बूट त्याने घेतले आहेत, पण चिखलात ते जड होतात म्हणून बांधावर काढून ठेवतो. साखर अकरावरून आठवर आली आहे.