‘मलेरिया निघाला’ म्हणजे नेमकं काय निघालं?

पावसाळ्यात रिपोर्ट हाती येतो आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो: डेंग्यू नाही, मलेरियाच आहे. कागदावर पीव्ही किंवा पीएफ लिहिलेलं असतं, तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. पीव्ही म्हणजे व्हायव्हॅक्स, पीएफ म्हणजे फाल्सिपॅरम. मुंबईत पहिल्याचा जोर, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात दुसऱ्याचा. आणि या दोघांच्या पोटातही मुलखागणिक वेगवेगळे वाण आहेत. बरेचसे गैरसमज ‘मलेरिया म्हणजे मलेरिया’ असं धरून चालण्यातून येतात.

‘पुन्हा ताप आला, म्हणजे पुन्हा डास चावला.’ व्हायव्हॅक्सच्या बाबतीत तसं असेलच असं नाही. त्याचे काही परजीवी यकृतात निपचित पडून राहतात. उष्ण प्रदेशातले वाण काही आठवड्यांतच जागे होतात. कोरियासारख्या थंड मुलखातले आठ-नऊ महिने थांबतात. तिथे डास फक्त उन्हाळ्यात, मग हिवाळ्यात उठून करायचं काय? या झोपलेल्यांसाठीच प्रायमाक्वीनचा चौदा दिवसांचा कोर्स असतो (गरोदर बाईला ही गोळी देत नाहीत). पण तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेली पाकिटं फ्रिजवर धूळ खात पडतात.

‘शरीराला औषधाची सवय झाली.’ हे वाक्य शिकलीसवरलेली माणसंही सर्रास बोलतात. सवय शरीराला होत नसते, बदलतो तो परजीवी. तांबड्या पेशीत बसून तो हिमोग्लोबिन एका पिशवीत पचवतो. क्लोरोक्वीन त्याच पिशवीत साचून त्याचा जीव घेतं. पिशवीच्या भिंतीतल्या एका प्रथिनात ७६व्या जागचं अमिनो आम्ल बदललं, की तीच भिंत औषध बाहेर लोटू लागते. फाल्सिपॅरममधली ही खोट १९५०च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि कोलंबियात, दोन्हीकडे स्वतंत्रपणे उघडकीस आली. भारतात ती १९७३मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये सापडली. ईशान्य भारतातला प्रकार आग्नेय आशियाच्या घराण्यातला, तर उरलेल्या देशात जास्त करून आढळणारा पापुआ न्यू गिनीतल्या प्रकाराशी जुळणारा. मलावीने १९९३मध्ये क्लोरोक्वीन बंद केलं आणि साधारण बारा वर्षांनी तपासलं, तर तिथल्या मुलांवर ते पुन्हा जवळपास शंभर टक्के लागू पडत होतं. औषधाचा धाक गेल्यावर जुने, साधे वाण वरचढ ठरले होते.

‘किट निगेटिव्ह, म्हणजे मलेरिया नाही.’ बोटाला टोचून घेतलेला रक्ताचा थेंब, वर द्रावणाचे काही थेंब, मग पंधरा-वीस मिनिटं वाट पाहायची. फाल्सिपॅरमची रेघ बहुतेक किटांत एचआरपी-२ या प्रथिनामुळे उमटते. पेरूच्या अ‍ॅमेझॉन भागात आणि एरिट्रियात मात्र असे परजीवी सापडले, की ज्यांच्यात या प्रथिनाचा जनुकच गळून पडला होता. रोगी तापाने फणफणतोय आणि पट्टी कोरी! एरिट्रियाला २०१६मध्ये किटच बदलावं लागलं. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या तंत्रज्ञाची गरज अजून संपलेली नाही ती यामुळेही.

फाल्सिपॅरममधली सर्वाधिक विविधता आफ्रिकेत आहे, कारण त्याचं मूळ घर तेच. दक्षिण अमेरिकेत तो गुलामांच्या जहाजांतून गेला; तिथे त्याचं गोत्र आटोपशीर. आफ्रिकेत एकाच मुलाच्या रक्तात अनेक वाण एकत्र नांदतात आणि डासाच्या पोटात त्यांचा संकर होतो.

म्हणून ‘एकदा लस आली की झालं’ हेही तितकंसं खरं नाही. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर२१ आणि तिच्या आधीची आरटीएस,एस या दोन्ही लशी एकाच वाणाच्या प्रथिनावर बेतलेल्या आहेत. तो वाण मिळाला नेदरलँड्समधल्या स्खिपोल विमानतळाजवळ राहणाऱ्या एका रुग्णाच्या रक्तातून. त्याचं मूळ पश्चिम आफ्रिकेतलं मानलं जातं, म्हणजे डासाने बहुधा विमानप्रवास केला असावा. आरटीएस,एसच्या आफ्रिकेतल्या चाचणीचे २०१५मधले आकडे बोलके आहेत: पाच ते सतरा महिन्यांच्या बाळांत पहिल्या वर्षी लशीशी जुळणाऱ्या परजीवीविरुद्ध संरक्षण सुमारे ५० टक्के, न जुळणाऱ्याविरुद्ध सुमारे ३३.