बोटांच्या ओलाव्यावर वाजणारी पेटी

ॲमस्टरडॅममध्ये 1970च्या दशकात हातात मावेल एवढी एक पेटी तयार झाली. आत बॅटरी, छोटा स्पीकर आणि मोजकेच सुटे भाग. वरच्या अंगाला धातूचे सहा उघडे तुकडे. सूर बदलायला ना पट्टी, ना खुंटी. त्या तुकड्यांवर बोटं टेकवली की पेटी गुरगुरते, किंचाळते, मध्येच चिवचिवते. बोट दाबलं की आवाज पालटतो आणि बोटाला घाम आला तरी पालटतो. क्रॅकल बॉक्स या नावाने ती जगभर ओळखली जाते.

ती घडवणारा मिशेल वाइसविस हा डच संगीतकार. लहानपणी वडिलांच्या शॉर्टवेव्ह रेडिओच्या उघड्या सर्किटवर बोटं ठेवून तो आवाज काढत असे. पेटीचं बीज त्यातच आहे. पुढे ॲमस्टरडॅमच्या ‘स्टाइम’ या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या संस्थेत त्याने ही कल्पना तडीस नेली. 1981पासून 2008मध्ये मृत्यू येईपर्यंत तो या संस्थेचा प्रमुख होता. सत्तरच्या दशकात सुमारे 4,000 पेट्या तयार झाल्या. त्या आता सहजी हाती लागत नाहीत. पण सर्किट अगदी साधं आणि सर्वांना ठाऊक असलेलं, त्यामुळे हौशी माणसं ती घरच्या घरी पुन्हा बनवत आली आहेत.

पेटीचा जीव म्हणजे 709 ही आयसी. बॉब विडलार या अमेरिकन अभियंत्याने फेअरचाइल्ड कंपनीत 1965मध्ये ती बाजारात आणली. हा ऑप-ॲम्प, म्हणजे दोन टोकांवरच्या विद्युतदाबातला फरक हजारो पटींनी वाढवणारा भाग. एवढी ताकद आवरायची तर बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलटा करून परत आत सोडावा लागतो. अडचण अशी, की आतल्या ट्रान्झिस्टरांतून जाताना संकेताला किंचित उशीर होतो. कंप्रता कमी असेल तर तो जाणवत नाही. कंप्रता वाढत गेली की मात्र उशिरा पोचलेला उलटा संकेत सुलटा होऊन बसतो, विरोध करायचा सोडून मूळ संकेताला हातभार लावतो आणि ॲम्प्लिफायर आपणहून वाजू लागतो. लग्नाच्या हॉलमध्ये माईक स्पीकरसमोर गेला की जी कुईं ऐकू येते, ती अशाच फिरून आत येणाऱ्या संकेताची.

709ला शांत ठेवायचं तर बाहेरून कपॅसिटर जोडावे लागत आणि त्यासाठी आयसीला वेगळ्या पिना होत्या. 1968मध्ये 741 आली. तिच्यात 30 पिकोफॅरडचा कपॅसिटर आतच बसवलेला होता, त्यामुळे अभियंत्यांची कटकट मिटली. वाइसविसने नेमकी ती कटकट कामाला लावली. पेटीवरचे काही तुकडे त्याने थेट 709च्या त्या वेगळ्या पिनांना जोडले आणि कपॅसिटरच्या जागी माणसाचं बोट आणलं. म्हणूनच 709च्या जागी 741 खोचून हा आवाज मिळत नाही.

या पेटीत कातडी हाच सर्किटचा एक भाग होतो, आणि मला तिचं सगळ्यात मोठं मोल इथेच वाटतं. कोरड्या त्वचेचा रोध लाख ओहमच्या घरात असू शकतो. ओली झाली की तो काही हजारांवर येतो. दाब वाढवला की स्पर्शाचं क्षेत्रफळ वाढतं आणि रोध आणखी घटतो. विद्यार्थ्याला फळ्यावर ओहमचा नियम कळतो, इथे तो बोटाखाली ऐकू येतो.

नुसती खरखर हवी असेल, तर तीही एका बेशिस्तीतूनच मिळते. बीसी547सारखा साधा ट्रान्झिस्टर घ्यायचा, त्याचं कलेक्टरचं टोक मोकळं सोडायचं आणि बेस-एमिटर जोडाला मोठ्या रेझिस्टरमधून उलटा विद्युतदाब द्यायचा. 9 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की पुरतं. विशिष्ट विद्युतदाबानंतर जोडातले इलेक्ट्रॉन एकमेकांना मोकळे करत लोंढ्याने सुटतात. हे लोंढे अनियमित असतात. ॲम्प्लिफायरमधून ऐकलं की पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा सलग आवाज येतो. रोलँडच्या टीआर-808 या तालयंत्रातली सळसळही ट्रान्झिस्टरचीच. कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी सांगितल्याप्रमाणे, त्यासाठी मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वापरले जात. पुढे ट्रान्झिस्टरांचा दर्जा सुधारला, तसे असे नग मिळेनासे झाले. 1980मध्ये आलेल्या या यंत्राचं उत्पादन 1983मध्ये थांबलं.

घरी सुरुवात करायला मात्र 709 शोधत बसायची गरज नाही. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथे सुट्या भागांच्या दुकानांत 40106 ही आयसी मागावी. हिच्यात सहा गेट असतात. गेटच्या आउटपुटपासून इनपुटपर्यंत एक रेझिस्टर आणि इनपुटपासून ग्राउंडला एक कपॅसिटर जोडला, की झाला ऑसिलेटर. 1 लाख ओहम आणि 0.1 मायक्रोफॅरड घेतले तर सूर साधारण शंभर-दीडशे हर्ट्झचा लागतो. न वापरलेल्या गेटची इनपुट टोकं ग्राउंडला जोडून टाकावीत. आवाज ऐकायला बॅटरीवरचा छोटा ॲम्प्लिफायर पुरतो. ॲडॅप्टर किंवा चार्जर अजिबात नको, कारण इथे आपण मुद्दाम उघड्या सर्किटला हात लावणार आहोत आणि ॲडॅप्टर बिघडला तर घरातले 230 व्होल्ट अंगापर्यंत पोचू शकतात. हेडफोनही टाळावा, आवाज एकाएकी कानठळ्या बसवणारा होतो.

आता रेझिस्टर काढून त्याच्या दोन्ही जागी एकेक खिळा जोडा आणि कपॅसिटर 0.01 मायक्रोफॅरडचा लावा. दोन्ही खिळे बोटांत धरले की सूर लागतो आणि घट्ट दाबले की तो चढतो. दोघांनी एकेक खिळा धरून मोकळे हात एकमेकांना दिले तरी तो वाजतो. शाळेच्या प्रयोगशाळेत एका आयसीवर अशा सहा जोड्या एकदम बसवता येतात: प्रत्येक जोडीला वेगळा कपॅसिटर द्यायचा आणि सहाही आउटपुट दहा-दहा हजार ओहमच्या रेझिस्टरमधून एकत्र करून ॲम्प्लिफायरला द्यायची.