चिंधीचे मोजमाप

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक संशोधक विद्यार्थिनी आमच्या शाळेत आली. घरोघरच्या दैनंदिन जीवनात चक्रीय अर्थव्यवस्था कितपत आचरली जाते, याचे मोजमाप ती करीत होती. जवळ छापील प्रश्नावलीचा गठ्ठा होता. पालकांकडून ती भरून घ्यावी, अशी तिची विनंती. भेस्तानच्या या सरकारी मराठी शाळेचे मुख्याध्यापक या नात्याने आम्ही ती आनंदाने मान्य केली.

चक्रीय अर्थव्यवस्था हा शब्द जड वाटला तरी त्याचा आशय वाचकांच्या परिचयाचा आहे. निसर्गाकडून माल घ्यावा, वस्तू करावी, वापरावी आणि उकिरड्यावर टाकावी, ही झाली सरळ रेषा. उलट, वस्तू दुरुस्त व्हावी, या हातातून त्या हातात जावी आणि अगदीच निकामी झाली तर तिच्यातील माल नव्या वस्तूत उतरावा, हे झाले चक्र. खानदेशातील आमच्या आजीला यातील एकही शब्द ठाऊक नव्हता. लुगड्याची गोधडी, गोधडीचे पोतेरे आणि पोतेऱ्याची शेवटी चुलीखाली राख, हा क्रम मात्र तिला तोंडपाठ होता.

प्रश्नावली सोपी होती. ‘मोडलेली वस्तू टाकण्यापूर्वी दुरुस्त करून घेता काय?’ ‘जुने कपडे अन्य कामी लावता काय?’ प्रत्येक प्रश्नापुढे ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत पाच चौकटी. माणसाच्या मनोवृत्तीला असे पायरीपायरीने मोजण्याची ही पद्धत रेन्सिस लायकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली मांडली आणि तेव्हापासून जगभर ती रूढ आहे. आठ दिवसांत कागद परत आले. बहुतेक सर्वांनी सर्वत्र ‘नेहमी’वर खूण केली होती. आमच्या घरचा कागद आम्हीच भरला होता, आणि तोही त्यास अपवाद नव्हता. सगळा वर्ग पैकीच्या पैकी गुण मिळवू लागला की परीक्षकाने विद्यार्थ्यांकडे नव्हे, प्रश्नपत्रिकेकडे संशयाने पाहावे, असे आमच्या व्यवसायात मानतात.

एक कागद मात्र कोराच आला. तो घेऊन एका विद्यार्थ्याची आई शाळा सुटण्याच्या वेळी दाराशी उभ्या होत्या. पती पांडेसऱ्यात यंत्रमागावर कामाला, स्वतः चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. हा कागद वर्गात वाचून दाखवणार काय, असे त्यांनी अहिराणीत हळूच विचारले. धाकट्याच्या अंगातील सदरा थोरल्याचा होता, आणि थोरल्याला तो कामाच्या घरून मिळालेला. हे लिहिले तर मुलाला इतर मुले हसतील, ही त्यांची भीती. कागद कोठेही वाचला जाणार नाही, असे आम्ही सांगितले. तरीही त्यांनी तो भरला नाही. आम्हीही आग्रह धरला नाही.

त्या रात्री आम्हांस नीट झोप लागली नाही. आम्ही जुना सदरा वापरला तर ती साधी राहणी ठरते, सभासंमेलनात तिचे कौतुक होते. त्यांच्या घरी तोच सदरा निरुपाय असतो. प्रश्नावलीत मात्र दोहोंची चौकट एकच. पुढील वर्षी मजुरी वाढली आणि त्यांनी दिवाळीला दोन्ही मुलांना नवे कपडे घेतले, तर त्या घराचे गुण घसरतील. या घसरणीचा खेद कोणी करावा?

लोक सांगतात एक आणि टाकतात दुसरेच, हा अनुभव जुनाच आहे. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाचे विल्यम रॅथजी यांनी १९७३ पासून ट्यूसन शहरातील घरांचा कचरा उपसून तपासावयास आरंभ केला. गृहस्थ पुराणवस्तूंचे अभ्यासक. प्राचीन उकिरडे सांगतात ते ताजे का सांगणार नाहीत, हा त्यांचा विचार. घरमालक बिअरच्या बाटल्या सांगत थोड्या, डब्यात निघत अधिक.

त्यांचे अनुकरण म्हणून आम्ही विज्ञानाच्या कपाटातील तानकाटा घरी आणला आणि सात दिवस घराबाहेर जाणारा कचरा तोलण्याचे ठरवले. “काट्यावर ठेवायचा तो तुम्हीच ठेवा, माझ्या हाताला वेळ नाही,” असे सौभाग्यवतींनी पहिल्याच सकाळी बजावले. वजनात सर्वांत जड निघाला तो ओला कचरा: साली, देठे, चहाचा चोथा आणि, लिहिण्यास संकोच वाटतो, उरलेला भात. रद्दी आणि दुधाच्या पिशव्या पस्तीवाल्याकडे जातात, म्हणून त्या हिशेबातून सुटल्या. घरपोच आलेल्या वस्तूंची वेष्टने वजनाला हलकी, पण पिशवी फुगली ती त्यांनीच. आणि माळ्यावर एक बंद मिक्सर, दोन पंखे व वायरींचे भेंडोळे सापडले. ते टाकलेले नव्हते, दुरुस्तही केलेले नव्हते. काट्याच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नव्हते. आमच्या ‘नेहमी’च्या दृष्टीनेही.

आता कापडाविषयी. उधना आणि सचिन या स्थानकांमधील आमचे हे भेस्तान. रस्त्यावर पाहावे तिकडे ताग्यांनी भरलेले टेम्पो. सुरतेचे हे कापड मुख्यतः पॉलिस्टरचे, म्हणजे मूळ खनिज तेलाचे. स्वस्त, टिकाऊ आणि धुण्यास सोपे. त्याने गरिबाच्या अंगावर रंग आणला, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु आजीच्या क्रमात ते बसत नाही. पाणी शोषत नाही, म्हणून पोतेऱ्याच्या उपयोगी नाही. ज्योतीपाशी वितळते, म्हणून वात होत नाही. बाळाच्या दुपट्याला तर नकोच. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीणही घडी उलगडून आधी कापड चिमटीत धरून पाहते. सुती असेल तर त्याला अखेरीस यंत्रे पुसण्याच्या चिंध्यांचे तरी भाग्य लाभते. तेव्हा ‘जुने कपडे अन्य कामी लावता काय?’ या प्रश्नाचे उत्तर गृहिणीच्या वृत्तीवर जितके अवलंबून आहे, तितकेच गिरणीने धागा कोणता वापरला यावर आहे. गुण मात्र एकट्या गृहिणीचे कापले जातात!

श्रमाचेही तसेच. गोधडी शिवावयास दुपारी लागतात. डबे धुऊन वाळवणे, ओले-सुके वेगळे करणे, दुरुस्तीवाल्याकडे दोन खेपा घालणे, यासाठी प्रश्नावलीत चौकट नव्हती. आमच्या घरी ‘नेहमी’ची खूण आम्ही केली, काम सौभाग्यवती करीत होत्या.

घरापुढे जाऊन पाहता मोजमाप सोपे होते, हे विशेष. जवळच बमरोली येथे महानगरपालिकेने २०१४ साली सांडपाणी पुन्हा शुद्ध करणारे केंद्र उभारले. दिवसाला ४ कोटी लिटर ही त्याची क्षमता, आणि पाणी जाते पांडेसऱ्याच्या कारखान्यांना. तेथे नळाला मीटर असतो. आत किती, बाहेर किती, वादच नाही. साऱ्या जगाचाही असा हिशेब नेदरलंडची ‘सर्कल इकॉनॉमी’ ही संस्था मांडते. वापरल्या जाणाऱ्या एकूण मालापैकी पुन्हा वापरात आलेल्याचा वाटा तिने २०१८ साली ९.१ टक्के सांगितला होता, २०२३ साली ७.२ टक्के. घराला असा मीटर बसवता येत नाही, म्हणून तर बिचाऱ्या विद्यार्थिनीला पाच चौकटींचा आश्रय घ्यावा लागला.

ती कागद नेण्यास आली तेव्हा आम्ही हे सर्व तिच्यापुढे मांडले. वस्तू घरात किती वर्षे राहिली, ती शेवटी कोणाच्या हाती गेली, ते काम घरात कोण करते, आणि नवी घेणे परवडत असते तर जुनी वापरली असती काय, एवढे तरी विचारावे असे सुचवले. तिने वहीत टिपून घेतले. शेवटच्या प्रश्नापाशी ती थांबली आणि म्हणाली, “सर, हा प्रश्न तोंडाने विचारणं कठीण आहे.” आम्हांस दारात उभ्या राहिलेल्या त्या आई आठवल्या. तिचे म्हणणे खरेच होते.

कोरा कागद आम्ही तिला दिला नाही; तो आमच्या खणात आहे. आमचा स्वतःचा मात्र मागून घेतला, दोन ठिकाणी ‘नेहमी’ खोडून ‘कधीकधी’ केले आणि खाली सही ठोकली. मिक्सर त्याच शनिवारी दुरुस्तीस गेला, कपलर बदलून परतही आला. पंख्यांचा निकाल अद्याप लागावयाचा आहे.